‘घाई नको’ म्हणणारी बाई

दर उन्हाळ्यात तालुक्याच्या गावी बालवाडीच्या नव्या शिक्षिकांचं शिबिर भरतं आणि मला तिथं बोलायला बोलावतात. विषय वर्षानुवर्षं एकच: लहान मुलांना शिकवण्याची माझी दृष्टी. वीसेक वर्षं एकाच पत्र्याच्या खोलीत तीन ते सहा वयाची मुलं सांभाळली की बाईला दृष्टी असणारच, असं लोक धरून चालतात. त्या भाषणाचा माझा एक कागद होता. घड्या पडून पडून तो मधोमध फाटला, तेव्हा मी त्याला मागून चिकटपट्टी लावली. मी बोलायला लागले की नव्या बायका माना खाली घालून वहीत उतरवून घ्यायच्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

यंदा बोलावणं आलं तेव्हा मी नाही म्हणाले. त्यांना वाटलं तब्येत बरी नसेल. तब्येत ठणठणीत आहे. त्या कागदापायी माझ्या वर्गातल्या एका मुलीचं बोलणं गेलं, आणि ते मला माईकसमोर सांगता आलं नसतं, म्हणून इथं लिहिते आहे.

त्या कागदाची सुरुवात माझ्या आईपासून होते. आम्ही नगरचे ख्रिस्ती. पाट्यांवर आता अहिल्यानगर आलं आहे, पण एसटीत तिकीट काढताना आमच्या तोंडून नगरच निघतं. घरात आजोबांपासून सगळे मास्तर आणि बाया. आईनं उभी हयात प्राथमिक शाळेत पहिलीचा वर्ग घेतला. तिची हजेरी घ्यायची एक तऱ्हा होती. आमच्याकडे पाठ करून ती फळ्यावर तारीख आणि वार लिहायची आणि लिहिता लिहिता एकेकाचं नाव घ्यायची. नाव आलं की उभं राहायचं आणि ‘हजर, बाई’ म्हणायचं. आवाज बारीक आला तर ती वळायची नाही, नुसतं तेच नाव पुन्हा घ्यायची.

मी तिच्याच वर्गात होते. घरी आई आणि वर्गात बाई, अशी माझी दोन्हीकडून कोंडी. एकदा माझ्या घशातून आवाजच निघेना. तिनं माझं नाव तीनदा घेतलं. तिसऱ्या वेळी मी उभ्या जागी ओली झाले आणि सगळा वर्ग हसला. तिनं मला बाहेर नेलं, पाय धुतले, फ्रॉक पिळला आणि परत आणून बसवलं. घरी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. ती दुष्ट नव्हती, हे मला आज कळतं. तेव्हा मी फक्त एवढं ठरवलं की मोठी झाले तर अशी बाई व्हायचं नाही.

पुढं नगरला बालशिक्षणाचा अभ्यासक्रम केला, तिथं माझ्या ठरवण्याला पुस्तकातले शब्द मिळाले. मुलाची दुसऱ्या मुलाशी तुलना करू नये. चारचौघांत त्याला एकट्याला उभं करू नये. प्रत्येक मुलाची आपली वेळ असते, मोठ्यांनी फक्त वाट पाहावी. हे सगळं खरं आहे, आजही खरं आहे. पण मी ते एखादी सासू जुनं वैर सांभाळते तसं सांभाळलं. लग्न होऊन श्रीगोंद्याच्या उसाच्या पट्ट्यातल्या या गावात आले, बालवाडी मिळाली, आणि पहिलं काय केलं असेल तर एकेकाची हजेरी बंद केली. मुलं येताना दिसतात, मी दारातच खूण करून टाकायची. गाणी सगळ्यांनी मिळून. गोष्टीतले प्रश्न सगळ्यांना मिळून, उत्तरही सगळ्यांचं मिळून. ‘कावळ्याचं घर कशाचं?’ ‘शेणाचं!’ चाळीस तोंडं एकदम उघडायची, पत्रे दणाणायचे, आणि कुणालाच चुकण्याची भीती नसायची. भिंतीवर मी स्वतःच्या हातानं गेरूनं लिहिलं होतं: घाई नको.

ती मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तीन वर्षं पूर्ण करून चार महिने झाले होते. बाप नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत कामाला, तिथंच खोली करून राहायचा, आठवड्याच्या सुट्टीला घरी. आई खुरपणीला जायची. पहिल्या दिवशी बाकीची नवी मुलं रडून आकाशपाताळ एक करत होती आणि ही दाराशी उभी राहून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. रडली नाही. आईचा पदर सोडला, आत आली, दुसऱ्या ओळीत बसली. मी मनात म्हटलं, हिच्यात पाणी आहे.

तिचे डोळे कायम कुणाच्या तरी चेहऱ्यावर असायचे. मी हात वर केला की तिचा हात वर. टाळी म्हटली की टाळी, फक्त किंचित मागून. गाण्यात तिचे ओठ हलायचे. चाळीस मुलांच्या गलक्यात कुणाच्या ओठांतून आवाज निघतो आणि कुणाच्या नाही, हे कोण बघतो? मी तरी बघितलं नाही.

ऊस सुरू झाला की आमच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर जायला लागतात. मागं दोन-दोन ट्रॉल्या आणि पुढं ड्रायव्हरच्या डोक्याएवढे स्पीकर. गाणं असं लावतात की खिडकीच्या गजांना हात लावला तर ते थरथरताना लागतात. ट्रॅक्टर आला की माझा सगळा वर्ग उठून दाराकडे धावायचा. ही मात्र खिडकीपासून लांब, मधल्या सतरंजीवर बसून मणी ओवत राहायची. लाल, पिवळा, लाल, पिवळा. एकदा पाठोपाठ तीन ट्रॅक्टर गेले आणि तिनं मान वर केली नाही. मी थक्क झाले. अभ्यासक्रमात आम्हाला सांगितलं होतं की मूल मनापासून कामात बुडालं की बाहेरचं जग त्याला लागत नाही, आणि ती अवस्था आली की समजावं, आपली शाळा जमली. माझ्या निरीक्षणांच्या वहीत मी त्या दिवशी लिहिलं: ‘विलक्षण एकाग्रता.’ खाली दोन रेघा मारल्या. पर्यवेक्षिका आल्या तेव्हा मी त्यांना खास ट्रॅक्टर यायच्या वेळेपर्यंत बसवून घेतलं आणि ती मुलगी दाखवली. त्या म्हणाल्या, “ताई, तुमच्या हाताला यश आहे.” घरी जाऊन मी ते नवऱ्याला दोनदा सांगितलं.

त्याच सुमारास तिची आई पहिल्यांदा विचारायला आली. खुरपं हातातच होतं. दारात उभी राहून म्हणाली, “ताई, ही बोलंना वो. बरुबरीची पोरं घडाघडा बोलत्यात. ही नुसती बघती.”

मी तिला आत बसवलं, पाणी दिलं. भाषणातला सगळा कागद तिला सोप्या शब्दांत सांगितला. बरोबरीच्या पोरांशी तुलना करू नकोस. काही मुलं आधी साठवतात आणि मग बोलतात. ती म्हणाली, सासूही तेच म्हणती, हिचा बाप बी लई उशिरानं बोलला. मी म्हटलं, बघ, मग काय. शेजारणींनी तिला बरंच काय काय सांगितलं होतं. वेखंड मधात उगाळून जिभेवर चोळायचं. पोपटानं चोच मारलेला पेरू खाऊ घालायचा. असा पेरू शोधत बिचारी तीन वाड्या-वस्त्या फिरली होती. मी हसले. “अगं, पोपटाच्या उष्ट्यानं का वाचा फुटते?” ती पण ओशाळून हसली. पोपटाच्या पेरूनं निदान त्या पोरीचं काही बिघडलं नसतं.

दुसऱ्यांदा ती आली ती दीड-दोन महिन्यांनी. म्हणाली, “मागून हाक मारली की कवा कवा बघतच न्हाई, ताई.” बघा, त्या अडाणी म्हणवणाऱ्या बाईनं मला रोगाचं नाव सोडून सगळं सांगितलं होतं. मी म्हणाले, “मुलं खेळात रमली की कुणाचं ऐकतात? माझं तरी कुठं ऐकतात.” मधे तपासणीची गाडी आली, वजन-उंची झाली, डोळे-दात बघितले. डॉक्टरांनी कागदावरून नजर न काढता मला विचारलं, ऐकते-बोलते? त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी उत्तर दिलं. “ऐकते सगळं. फार शहाणी आहे. बोलेल सावकाश.” त्यांनी खूण केली. दिवसभरात एवढी मुलं बघायची तर माणूस बाईवर विश्वास ठेवणारच, आणि विश्वास ठेवण्यासारखी बाई म्हणून माझा लौकिक होता.

मुलगी चार वर्षांची झाली त्या हिवाळ्यात माझी आई मोतीबिंदूचं ऑपरेशन करून माझ्याकडे राहायला आली. घरी बसून कंटाळायची, म्हणून मी तिला सकाळी बालवाडीत घेऊन जायचे. ती कोपऱ्यात खुर्चीवर काळा चष्मा लावून बसायची. दोन दिवस ती काही बोलली नाही. मला कळत होतं की तिला सगळंच चुकीचं वाटतंय, मुलं लोळतात काय, हसतात काय. तिसऱ्या दिवशी खिचडी वाढून झाली, मुलं जेवत होती, तेव्हा ती उठली आणि पातेल्यावरचं जाड झाकण तिनं हातातून फरशीवर सोडलं. मुलांनी घास टाकून माना वळवल्या. दोन रडली. मी धावले. मला वाटलं डोळ्यांना न दिसून पडलं.

घरी जाताना ती म्हणाली, “ती दुसऱ्या ओळीतली पोरगी. तिला ऐकू येत नाही.”

मी म्हटलं, “आई, झाकण तू मुद्दाम टाकलंस?”

“हो. सगळ्यांनी मागं बघितलं. तिनं इतरांकडे बघितलं आणि मग मागं बघितलं.”

मला राग आला, असा की आजही आठवला तर कान तापतात. मी रस्त्यातच बोलायला लागले. तू मुलांना घाबरवतेस. तुला मुलं कडक इस्त्रीची लागतात. जे मूल तुझ्यासारखं ठोकळेबाज उत्तर देत नाही त्याच्यात तुला खोट दिसते. मी तिला पाच वर्षांची असतानाचा तो ओला फ्रॉकही काढून दाखवला, चाळीस वर्षांनी, उसाच्या ट्रॉल्या जात असताना. ती ऐकून घेत चालत राहिली. घरापाशी आल्यावर म्हणाली, “मी फळ्याकडे तोंड करून हजेरी का घ्यायचे, तुला कधी वाटलं? तोंड दिसलं की मुलं ओठांवरून ओळखतात. पाठ केली की कळतं, कोण ऐकतंय. माझ्या नोकरीत अशी तीन सापडली. तू फक्त उद्या तिच्या मागं उभी राहून एकदा हाक मार.”

मी दुसऱ्या दिवशी उभी राहिले. आई त्या दिवशी मुद्दाम घरी थांबली होती. मुलगी मणी ओवत बसली होती. मी तिच्या मागं गेले, अगदी जवळ, इतकी जवळ की सतरंजी माझ्या पायाखाली दबली आणि खिडकीतल्या उन्हानं माझी सावली तिच्या हातांवर पडली. मग मी हाक मारली. तिनं वळून माझ्याकडे बघितलं आणि हसली. मी घरी जाऊन आईला सांगितलं, “मारली हाक. बघितलं तिनं.”

मला सावली दिसली होती. हे मी पुढं तीन वर्षं कुणाला सांगितलं नाही. ती पास व्हावी अशीच मी ती परीक्षा घेतली, कारण ती नापास झाली असती तर आई बरोबर ठरली असती, आणि चाळीस वर्षांनी आईला बरोबर ठरवण्यापेक्षा मला ती पोर ऐकते असं मानणं सोपं गेलं. चांगल्या विचारांच्या माणसांचा मोठा दोष हा, की आपण चुकलो असं म्हणायची त्यांना सवय नसते. छडी मारणाऱ्या बाईला निदान कधीतरी रात्री वाटत असेल, आज जोरात लागली. मला तसं काही वाटायचं कारणच नव्हतं. मी सगळ्यांशी गोड वागत होते.

आई पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. महिन्याभरानं नगरला परत गेली.

त्यानंतर मुलीची आई तिसऱ्यांदा आली. यावेळी तिनं फार काही विचारलं नाही. म्हणाली, नगरला कानाच्या डॉक्टरला दावावं का, असं मनात येतं. तिचा नवराही म्हणत होता. मी म्हणाले, “दाखव की, पण उगाच धावपळ. पाच वर्षांची होऊ दे.” ती बाई माझ्या शब्दावर घरी गेली. तिच्या घरात शिकलेलं कुणी नव्हतं आणि मी शिकलेली होते. नवऱ्याला तिनं सांगितलं, ताई थांबा म्हणत्यात.

ती पाच वर्षांची झाली. तेव्हा नव्या हंगामाचा ऊस सुरू होता. बालवाडी सुटायच्या वेळी बायका मुलांना न्यायला येतात, तशा त्या दिवशी आल्या होत्या. समोरच्या मोकळ्या जागेत एक ट्रॅक्टर ट्रॉली मागं घेत होता. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला होता तो काढलाच नव्हता. सगळी मुलं बाजूला झाली. ती खाली बसून मातीत काडीनं रेघा ओढत होती, ट्रॉलीकडे पाठ करून. मी ओट्यावरून तिच्या नावानं ओरडले, तिची आई ओरडली, चार बायका ओरडल्या. तिनं रेघ पुरी केली. एका म्हाताऱ्यानं तिला दंडाला धरून ओढलं, तेव्हा ट्रॉलीचं चाक तिच्या काडीवरून गेलं.

ड्रायव्हर खाली उतरला. घामानं निथळत होता. मुलीच्या आईवरच ओरडला, “बहिरी हाय का काय पोरगी? इतका हॉर्न देतोय तर ऐकू येत न्हाई का तिला?”

मुलीच्या आईनं पोरीला कडेवर घेतलं होतं. ती ड्रायव्हरकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. माझी मान आपोआप खाली गेली. ट्रॅक्टर चालवणाऱ्या परक्या माणसाला एका क्षणात कळलं ते मला दोन वर्षांत कळलं नाही, असं म्हणायची सोयसुद्धा मला नव्हती. मला सांगितलेलं होतं.

दोन दिवसांनी आम्ही तिघी नगरला गेलो. मीच म्हणाले, मी येते. बैल गेला आणि झोपा केला, पण गेले. तपासणी झाली, डोक्याला वायरी लावून. डॉक्टर तरुण होते, आवाज न चढवता बोलत होते. दोन्ही कानांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, जन्मापासूनच असणार. मशीन लावू, थोडाफार फायदा होईल. मग त्यांनी विचारलं, “एवढा उशीर का केलात? बोलणं शिकायची वर्षं हीच असतात. तिला ना शब्द मिळाले, ना खुणांची भाषा.”

मुलीची आई म्हणाली, “माझंच चुकलं, डॉक्टर. मी वाट बघत बसले.”

मी शेजारच्या खुर्चीवर होते. मांडीवर पिशवी होती, तिच्यात मुलीसाठी आणलेला बिस्किटाचा पुडा. मी तो पुडा चाचपत राहिले. एवढंच म्हणायचं होतं, मी सांगितलं तिला वाट बघ म्हणून. पण ते म्हणाले नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, आम्ही उठलो.

त्या रात्री मी आईकडेच नगरला थांबले आणि तिला सगळं सांगितलं. सावली सोडून. मला वाटलं ती म्हणेल, मी सांगत नव्हते? तशी तयारी करून गेले होते, भांडायचीही होती. ती हातातल्या शुभवर्तमानाचं पान दुमडत राहिली. मग म्हणाली, “मी तुला एकदाच सांगितलं. वर्गातल्या पोरांना मी एकेक गोष्ट दहादा सांगायचे.” त्यानंतर आम्ही जेवलो.

आता मुलगी सात वर्षांची आहे. नगरला कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत राहते. मी तिथं जाऊन आले आहे. तिथं ती इतर मुलींशी हातांनी बोलते, भरभर, भांडते, थट्टा करते, बाईंची नक्कल करून मुलींना हसवते. तिला बघून मला कळलं की माझ्या हातून नेमकं काय झालं. ऐकू न येणं हे काही माझं पाप नाही, आणि ते तिचं दुःखही नव्हतं. ती दोन वर्षं माझ्या खोलीत चाळीस मुलांमध्ये बसली होती आणि तिच्याशी कुणीच बोललं नव्हतं, तोंडानं नाही आणि हातांनीही नाही. तिच्या आईला ती हातांची भाषा येत नाही. सुट्टीत मुलगी घरी येते, हात हलवून काहीतरी सांगायला लागते, आई मान डोलावते, आणि मग मुलीच्या लक्षात येतं की आईला कळलेलं नाही. ती सांगणं अर्ध्यात सोडते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

गावात मात्र गोष्ट वेगळीच पसरली. ताईंनी स्वतः नगरला नेलं म्हणून पोरीचं कळलं, ताई होत्या म्हणून शाळा मिळाली. मुलीची आई स्वतः हे सांगत फिरते. आता तिची धाकटी मुलगी माझ्याकडे येते, तिला सोडायला आली की नव्या बायकांना म्हणते, “ताईंच्या हाती दिलं की घोर न्हाई.” दोन वर्षं मी हे ऐकलं. रविवारी उपासनेत सगळ्यांबरोबर गुडघे टेकून मी पापांची क्षमा मागायचे. तिथंही सगळ्यांनी मिळून एका आवाजात म्हणायचं असतं, त्यामुळे सोपं जायचं.

शिबिराचं बोलावणं आलं त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. मोठी सुट्टीवर आलेली होती, ओट्यावर बसून धाकटीची वेणी घालत होती. आई भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मला बसायला पोतं दिलं, माझ्यापुढं मूठभर दाणे ठेवले. मी दाण्यांना हात न लावता सांगितलं. सगळं सांगितलं. माझी आई आली होती ते, झाकण पाडलं ते, काय म्हणाली ते, मी मागं उभी राहिले ते, आणि सावलीचंही. तू चौथ्या वर्षीच नगरला जाऊ शकली असतीस, असं स्पष्ट म्हणाले. मला रडू आलं नाही. तिच्यासमोर रडायचा मला काय अधिकार?

ती शेंगा फोडत राहिली. तिच्या बोटांचा वेगसुद्धा कमी झाला नाही. मग म्हणाली, “म्हंजे एक वरीस.”

“हो. त्याच्या आधीचंही धर. पण ते एक तर नक्कीच.”

“एका वरसात लेकरू किती शब्द शिकतं, ताई?”

हे मला माहीत होतं. हाच माझा विषय. मी म्हणाले, “लई.”

“लई म्हंजे किती?”

शिबिरात मी हे फार छान सांगायचे, बायका हसून माना डोलवायच्या. त्याच शब्दांत मी तिला सांगितलं, कारण दुसरे शब्द मला आलेच नाहीत. “त्या वयात रोज नवे शब्द येतात. इतके, की कुठल्याच आईला मोजता येत नाहीत.”

तिनं हातातली शेंग खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि मोठीकडे बघत एकेक बोट मिटायला लागली. मशीन लावल्यापासून पोरीच्या तोंडून आलेले शब्द ती म्हणत होती, पोरगी म्हणते तसेच, अर्धेमुर्धे. “आई. पानी. दे. न्हाई. भात. मामा. चल.” आठव्याला जरा थांबली, मग आठवला. “ये.” दोन बोटं उघडी राहिली. मोठी तिच्या हातांकडे टक लावून बघत होती, काय सांगतेय ते कळावं म्हणून.

“मला मोजता येत्यात, ताई,” ती म्हणाली.